शब्द हलतात, पण कुठून?

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९ सप्टेंबर १९६७ रोजी शंभर वर्षांचे झाले. तेव्हा त्यांचा मुक्काम गुजरातेतल्या पारडीला होता. पण ज्या कामामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात आणि उत्तर हिंदुस्थानात पोचले, त्यातले बरेचसे औंधात झाले होते. त्याच साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये जॉन रॉस या विद्यार्थ्याने एक प्रबंध सादर केला, आणि फ्रिट्स स्टाल या डच पंडिताचे संस्कृतातल्या शब्दक्रमावरचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि योगायोगातून गूढ अर्थ काढायचेही कारण नाही. प्रश्न मात्र तिघांच्या टेबलावर एकच होता. अर्थाच्या दृष्टीने एकमेकांशेजारी असायला हवेत असे दोन शब्द वाक्यात लांब लांब पडतात, तेव्हा ते हललेले असतात की मुळात तिथेच बसलेले असतात?

आधुनिक वाक्यविज्ञानाची गेली सत्तर वर्षे बऱ्याच अंशी याच प्रश्नावर खर्ची पडली आहेत. इंग्रजीत त्या सिद्धांताला ज्या नावाने ओळखतात त्याला मराठीत आपण सोयीसाठी स्थानांतर म्हणू. शब्द किंवा शब्दसमूह वाक्यात एका जागी जन्मतो आणि दुसऱ्या जागी उच्चारला जातो, हे त्याचे मूळ गृहीतक. या सिद्धांताकडे औंधातून पाहिले तर काय दिसते, ते इथे मांडायचे आहे.

औंध हे छोटे संस्थान आणि तेही तुकड्यातुकड्यांचे. औंध गाव खटाव तालुक्यात, आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात, एक तुकडा थेट विजापूरकडे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार दिला, तो प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या वीसेक वर्षे आधी, १९१८ च्या सुमारास, त्यांच्या आश्रयाने सातवळेकर औंधला आले. तेही चित्रकारच, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, हैदराबाद आणि लाहोरला व्यवसाय केलेले. औंधात त्यांनी स्वाध्याय मंडळ उभे केले, छापखाना घातला, आणि पुढची तीसेक वर्षे वेदसंहिता, त्यांची भाषांतरे, महाभारत, गीतेवरची पुरुषार्थबोधिनी टीका आणि संस्कृत घरबसल्या शिकवणारी पुस्तके छापली. १९४० च्या दशकात औंधात छापलेल्या ऋग्वेद, मैत्रायणी आणि काठक संहितांमुळे आजही जर्मनीतल्या वा अमेरिकेतल्या वेदाभ्यासकाच्या संदर्भयादीत प्रकाशनस्थळ म्हणून ‘औंध’ हा शब्द येतो. माणदेशाच्या कडेच्या या दुष्काळी गावाचे नाव असे तिथवर गेले.

स्वयंशिक्षणाचे पुस्तक लिहिणाऱ्यापुढे एक अडचण असते. समोर गुरू नाही, त्यामुळे विद्यार्थी श्लोक वाचून अडला की त्याला वाट दाखवणारे कोणी नाही. श्लोकात विशेषण पहिल्या चरणात आणि त्याचे विशेष्य चौथ्यात असू शकते. क्रियापद सुरुवातीलाच येऊन जाते, कर्ता मागाहून सावकाश येतो. म्हणून गीतेच्या टीकेत सातवळेकर श्लोकाखाली अन्वय देतात. श्लोकातलेच शब्द, पण एकमेकांशी नाते असलेले जवळ आणून गद्याच्या क्रमाने लावलेले. ही पद्धत त्यांची नव्हे. टीकाकारांची शतकानुशतकांची आहे. तिचे दोन प्रकार पाठशाळेत शिकवत. दंडान्वयात विशेषणांसह कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद अशी सरळ ओळ लावायची. खंडान्वयात आधी क्रियापद पकडायचे आणि त्याला प्रश्न विचारत जायचे: कोण? काय? कसा असलेला? कुठे? मोरोपंतांच्या आर्या अभ्यासाला होत्या त्या काळी मराठी शाळांतही ‘अन्वय लावा’ हा प्रश्न असे, आणि मोरोपंतांच्या दूरान्वयाला शिव्या घालणारी मुलेही असत.

आता प्रश्न असा की अन्वय म्हणजे श्लोकाचे मूळ रूप का? कवीच्या मनात आधी दंडान्वय होता आणि छंदासाठी त्याने शब्द उचलून इकडेतिकडे ठेवले, असे म्हणायचे का? तसे म्हटले की स्थानांतराचा सिद्धांत आपल्या हाती आयता येतो. गेल्या काही दशकांत अनेकांना हा मोह झाला आहे. चॉम्स्की जे १९५७ साली बोलले ते आमच्या पाठशाळेत पूर्वीपासून होते, असे भाषणात ऐकवले की टाळ्याही मिळतात. चॉम्स्की यांनीच १९६५ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत पाणिनीच्या व्याकरणाचा गौरवाने उल्लेख केल्यामुळे या मोहाला बळच मिळाले. पण पाणिनी आणि पतंजली काय म्हणतात ते नीट पाहिले, तर तो दावा टिकत नाही.

महाभाष्यात अगदी आरंभीच्या सूत्राच्या चर्चेत पतंजली सांगतो की व्याकरण शब्द घडवून सोडून देते. ते एकमेकांशी कसे जोडायचे हे बोलणाऱ्याच्या इच्छेवर. उदाहरण घरातले आहे. ‘भांडं आण’ म्हणा की ‘आण भांडं’, व्याकरणाला दोन्ही सारखेच. यातले कुठले आधीचे आणि कुठले हलवून केलेले, हा प्रश्न तो विचारतच नाही. पाणिनीने तर याहून नेमके काम केले. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात ८० ते ८२ ही तीन लहान सूत्रे ओळीने येतात. उपसर्ग धातूच्या आधी येतात, हे पहिले. वेदात ते नंतरही येतात, हे दुसरे. आणि मध्ये इतर शब्द पडूनही येतात, हे तिसरे. संहिता छापणाऱ्या सातवळेकरांना या तिसऱ्या सूत्राचा पदोपदी अनुभव येत असणार, कारण ऋग्वेदात उपसर्ग एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला ही नित्याची गोष्ट आहे. पण पाणिनीची मांडणी पाहा. उपसर्ग आपली जागा सोडून गेला, असे तो म्हणत नाही. तो इथे असतो, तिथेही असतो, एवढेच म्हणतो. त्याच्या व्याकरणात प्रवास नाही. कारकसंबंध आहेत आणि ते दाखवणाऱ्या विभक्ती आहेत. शब्द कुठेही बसला तरी विभक्ती त्याचे नाते सांगते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न युरोपात गेला. डेलब्र्यूक यांनी १८७८ साली शतपथ ब्राह्मणाच्या गद्यावरून दाखवले की छंदाचे बंधन नसते तेव्हा वैदिक संस्कृतातही एक रुळलेला क्रम दिसतो आणि बाकीचे क्रम प्रसंगानुसार येतात. तीनच वर्षांनी पुण्यात वामन शिवराम आपटे यांचे संस्कृत रचनेचे पाठ्यपुस्तक आले. विद्यार्थ्याने कुठला शब्द कुठे ठेवावा याचे त्यात व्यवहारी मार्गदर्शन आहे. आपटे आणि सातवळेकर दोघेही सावंतवाडी संस्थानातले, हे जाता जाता. दोघांच्याही पुढे शिकणारा होता. त्याला वाक्य समजावे आणि लिहिता यावे, एवढेच त्यांना हवे होते. मूळ कोणते या वादात पडायची त्यांना गरज पडली नाही.

ती गरज अमेरिकेत पडली, आणि पडण्याचे कारण इंग्रजी. इंग्रजीत विभक्ती जवळजवळ उरलेली नाही. नाते सांगण्याचे काम जागा करते. तिथे कर्म क्रियापदानंतरच येते. मग ‘काय’ हा प्रश्नार्थक शब्द कर्म असूनही वाक्याच्या पार पुढे जाऊन बसतो आणि क्रियापदानंतरची जागा रिकामी राहते, तेव्हा हा शब्द इथून उठून तिथे गेला असे वाटणे साहजिकच आहे. १९५७ साली चॉम्स्की यांनी अशा वाक्यांसाठी रूपांतरणाचे नियम मांडले. १९७० च्या दशकात हललेला शब्द मागे न दिसणारा माग ठेवतो, अशी भर पडली. १९८१ पर्यंत सगळी वेगवेगळी रूपांतरणे जवळजवळ एका नियमात गोळा झाली: काहीही कुठेही हलवा, चुकीचे स्थानांतर इतर बंधने अडवतील. १९९० च्या दशकात मागही गेला. शब्द दोन्ही जागी असतो, एकाच जागी उच्चारला जातो, असे ठरले.

स्टाल यांनी १९६७ साली या इमारतीलाच हात घातला. संस्कृतात कर्ता, कर्म आणि क्रिया कुठल्याही क्रमाने येत असतील, तर त्यातला एक क्रम मूळ मानून बाकीचे त्यातून काढायचे कशाला? वाक्याची मूळ रचना क्रमाशिवायच असू शकेल, शब्दांची नाती तेवढी त्यात असतील, असे त्यांनी सुचवले. मला वाटते पतंजलीला आधुनिक वाक्यविज्ञानात इतक्या सरळपणे कोणी उभे केले नव्हते. पण त्यांनी संस्कृतला वाजवीपेक्षा जास्त सूट दिली, असेही म्हणावे लागते. पुढे १९९६ साली ब्रेंडन गिलन यांनी अभिजात गद्यातली वाक्ये तपासून दाखवले की तिथला क्रम आपण समजतो तितका मोकळा नाही. नेहमीचा क्रम मोडतो तेव्हाही तो काही ठरावीक मार्गांनीच मोडतो.

रॉस यांचा प्रबंध नेमका इथे उपयोगी पडतो. शब्द कुठून कुठे जातात यापेक्षा कुठून निघूच शकत नाहीत, हे त्यांनी शोधले. वाक्यात काही बेटे असतात आणि आतला शब्द बेट सोडून बाहेर येऊ शकत नाही. मुक्त शब्दक्रमाचा गोंधळ दाखवणारी जी संज्ञा इंग्रजीत रूढ आहे, तीही याच प्रबंधातून आली. रॉस यांनी मराठी तपासली नव्हती; आपण तपासू. ‘तो रोज औंधला जातो’ याचे ‘औंधला तो रोज जातो’ केले तर काही बिघडत नाही. ‘मला वाटतं तो उद्या औंधला जाईल’ याचे ‘औंधला मला वाटतं तो उद्या जाईल’ हेही आपण सर्रास बोलतो. आता ‘मला तो माणूस आवडतो जो रोज औंधला जातो’ हे वाक्य घ्या आणि ‘औंधला’ पुढे आणा. ‘औंधला मला तो माणूस आवडतो जो रोज जातो.’ वाक्य मोडले. माणूस कुठे जातो ते कळत नाही, आणि ‘औंधला’ जाऊन ‘आवडतो’ला चिकटते. विभक्ती तीच आणि ऐकणाराही तोच आहे, तरी शब्द बाहेर येत नाही. मराठीत शब्द कुठेही ठेवता येतो, या आपल्या आवडत्या समजुतीला इथे तडा जातो.

याचा सुगावा आपल्याकडे वैयाकरणांना नाही तरी काव्यशास्त्रज्ञांना लागला होता, असे मला दिसते. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्यप्रकाशात वाक्यदोषांची जी यादी दिली आहे तिच्यात संकीर्ण नावाचा दोष आहे: एका वाक्याचे शब्द दुसऱ्या वाक्यात शिरणे. एक अख्खे वाक्य दुसऱ्याच्या पोटात घालणे हा त्याने वेगळा दोष मानला, त्याचे नाव गर्भित. म्हणजे एका वाक्याच्या हद्दीत शब्द हवा तसा फिरला तरी चालतो, हद्द ओलांडली की अडते, हे त्याने ओळखले होते. रॉस याला अशक्यता म्हणतात, मम्मट दोष म्हणतो. हा फरक लहान नाही. दोषाला अपवाद असतात आणि रसिक ते क्षम्य ठरवतो. पण आपल्या परंपरेत स्थानांतराच्या सिद्धांताचा सगळ्यात जवळचा नातेवाईक शोधायचा असेल, तर तो अन्वयात नाही, दोषांच्या यादीत आहे. अन्वय वाचकाची सोय करतो. दोष भाषेच्या हद्दी दाखवतो.

आता क्रमाचे मराठीपुरते हिशेब पाहू. ‘राजानं पंडिताला बोलावलं’ या तीन शब्दांचे सहा क्रम होतात आणि सहाही मराठी आहेत. नं आणि ला यांच्यामुळे कोणी कोणाला बोलावले यात घोटाळा होत नाही. विभक्ती नसली तरी कधी क्रियापद वाचवते. ‘मांजर उंदीर खातं’ उलटून ‘उंदीर मांजर खातं’ म्हटले तरी खाणारे मांजरच, कारण ‘खातं’ नपुंसकलिंगी आहे. पण ‘साप बेडूक खातो’ हे उलटवा. ‘बेडूक साप खातो’ म्हणताच बेडकाने सापाला खाल्ले. दोन्ही पुल्लिंगी, दोन्हींना प्रत्यय नाही, आणि मराठी तेवढ्यापुरती इंग्रजीसारखी वागते. जागाच कर्ता ठरवते. म्हणजे मोकळा क्रम ही भाषेच्या स्वभावातली वस्तू नाही; प्रत्यय आणि लिंग त्याची किंमत भरतात.

क्रम बदलला की अर्थही सूक्ष्म बदलतो, आणि इथे पतंजलीची ‘यथेष्ट’ ही कल्पना अपुरी पडते. ‘प्रत्येक मुलाला त्याच्या आईनं हाक मारली’ म्हटले की ज्याची त्याची आई. ‘त्याच्या आईनं प्रत्येक मुलाला हाक मारली’ म्हटले की कोणा एकाची आई सगळ्या पोरांना हाका मारत फिरते. शब्द तेच, विभक्त्या त्याच. अनूप महाजन यांनी १९९० साली एम.आय.टी.तल्या प्रबंधात हिंदीतली अशीच वाक्ये घेऊन दाखवले की कर्म पुढे येणे हा नुसता शैलीचा खेळ नाही. काही प्रकारचे पुढे येणे वाक्याच्या व्याकरणातच बदल घडवते. हिंदी-मराठीसारख्या भाषा स्थानांतराच्या चर्चेत तेव्हापासून पुराव्याला येऊ लागल्या, नुसत्या अपवाद म्हणून नव्हे.

प्रश्नवाक्ये त्याहून बोलकी आहेत. मराठीत प्रश्नार्थक शब्द पुढे न्यावा लागत नाही; ‘तू काय खाल्लंस’ मध्ये ‘काय’ कर्माच्या जागीच बसते. मग स्थानांतर संपले का? जेम्स हुआंग यांनी १९८२ साली चिनीबद्दल सांगितले की शब्द कानाला न हलताही अर्थाच्या पातळीवर हलतो. ऐकायला हे पळवाटेसारखे वाटते. तरी मराठी बोलणाऱ्याने स्वतःच्या कानाला विचारावे. ‘कोण येईल असं तुला वाटतं?’ हा खरा प्रश्न आहे, उत्तरात नाव येते. ‘तुला माहीत आहे कोण आलं’ या विधानात मात्र ‘कोण’ आतच अडकते. त्याला नावाचे उत्तर लागत नाही. आणि उपवाक्य मागे ठेवूनच विचारायचे असेल, तर आपण पुढे एक ‘काय’ ठेवतो: ‘तुला काय वाटतं, कोण येईल?’ त्या ‘काय’चे उत्तर कोणी देत नाही, उत्तर ‘कोण’चेच देतात. उपवाक्य क्रियापदाच्या आधी असले तर प्रश्न बाहेर पोचतो आणि नंतर असले तर मदतीला ‘काय’ लागते. शब्द हलो न हलो, त्याच्या पोहोचीला मर्यादा आहे आणि ती वाक्याच्या रचनेने ठरते, हे यातून सिद्ध होते.

मग निकाल काय? स्थानांतरवाद्यांनी शोधलेल्या मर्यादा खऱ्या आहेत. त्या मराठीतही आढळतात आणि त्या नुसत्या विभक्तीने उलगडत नाहीत. पण मर्यादा खऱ्या म्हणून प्रवासही खरा, हे त्यातून निघत नाही. जोन ब्रेझ्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ पासून, आणि गॅझ्डर, पुलम यांनी १९८५ च्या ग्रंथात, काहीही न हलवता याच मर्यादा मांडून दाखवल्या. उलट प्रवासाची हौस कुठवर जाते याचे उदाहरण रिचर्ड केन यांच्या १९९४ च्या पुस्तकात आहे. जगातल्या सर्व भाषांत क्रियापद मूळचे कर्माच्या आधी असते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ‘भाकरी खाल्ली’ असे म्हणणारा माणदेशी शेतकरी दर वेळी भाकरी क्रियापदाच्या मागून उचलून पुढे आणतो. सिद्धांत म्हणून ते डौलदार आहे. मराठीच्या अंगाने पाहता त्याला फारसा पुरावा दिसत नाही. पाणिनीने उपसर्गांबाबत जी शिस्त पाळली तीच मला अधिक योग्य वाटते: जागा सांगा, बंधने सांगा, आणि पुराव्याशिवाय प्रवास सांगू नका.

पुरावा मात्र हवा, आणि तो छापील मराठीतून फारसा मिळणार नाही. लिहिताना आपण शाळेत शिकलेला कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम सांभाळतो. बोलताना अर्धे वाक्य क्रियापदानंतर येते. ‘दिला का सांगावा तिला’, ‘आला बघा पाव्हणा काल’ या वाक्यांत क्रियापदानंतर जे येते ते बहुधा ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले; नवी बातमी सहसा तिथे ठेवत नाहीत. हे माझे कानावरचे निरीक्षण आहे, ते मोजून पाहायला हवे. औंध संस्थानातून आलेल्या लेखकांनी ही बोलण्याची लय मराठी साहित्यात आणली. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आले, आटपाडीच्या शंकरराव खरातांनी ती पुढे वेगळ्या अनुभवातून लिहिली. पण कथेतला संवाद हा लेखकाने निवडलेला असतो. वाक्यविज्ञानाला तेवढे पुरत नाही.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, त्याच साली सातवळेकर स्वाध्याय मंडळ घेऊन पारडीला गेले, आणि ३१ जुलै १९६८ रोजी तिथेच वारले. संस्कृत वाक्याचा अन्वय लावायची साधने औंधाने देशभर पाठवली. बोलत्या मराठी वाक्याचे तसे काम अजून व्हायचे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे सर्वेक्षण केले आहे आणि त्यात गावोगावची ध्वनिमुद्रणे जमवली आहेत. त्यांतून शब्दक्रम वेगळा काढून तपासावा, ही सातारा-सांगलीतल्या मराठीच्या प्राध्यापकांना आणि शिवाजी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विनंती. आटपाडी, खटाव, कुंडलच्या शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांनाही एक विनंती आहे. मुलाचे वाक्य कर्ता-कर्म-क्रियापदात बसत नसेल तर त्यावर लाल रेघ ओढण्याआधी त्याला विचारावे, असे तुमच्या घरी कोण आणि केव्हा म्हणते. आणि त्याचे उत्तर लिहून ठेवावे.